दोनशे आठचा पाहुणा, दोनशे तीसचे गाव

विजेचा दाब यंत्राच्या पाठीवरील पाटीवर एकाच आकड्यात लिहिलेला असला, तरी तारेतून तो एकाच आकड्यात कधीच येत नाही, ही गोष्ट वीजशास्त्राच्या अभ्यासकांना पुस्तकांतून कळते आणि रायगड जिल्ह्याच्या पेण तालुक्यातील डोलवीसारख्या गावांना ती संध्याकाळच्या पंख्याकडे पाहून कळते. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांनी घरगुती दाबाच्या पुरवठ्याला सहा टक्के कमी-अधिक होण्याची मुभा दिली होती. म्हणजे २३० व्होल्टचा पुरवठा २१६ पासून २४४ पर्यंत कुठेही रेंगाळत असला, तरी कागदोपत्री त्याची हजेरी २३० वरच लागत असे. ब्रिटनने १९९५ मध्ये आपला २४० व्होल्टचा पुरवठा युरोपशी मेळ घालण्यासाठी २३० चा करून टाकला, आणि त्यासाठी देशभरची रोहित्रे बदलावी लागली नाहीत, तर मुभेच्या मर्यादा अशा बेताने लिहिल्या गेल्या की जुना दाब नव्या आकड्यात सुखाने मावला. केवळ लेखणीने दहा व्होल्ट उतरवण्याची ही किमया पाहता, वीज ही मूलतः महसूल खात्याच्या अखत्यारीतील वस्तू असावी असा संशय येतो.

तथापि कागदाची ही समजूत यंत्रांना नसते, आणि सर्वांत कमी समजूत असते ती रॅकमध्ये बसणाऱ्या यूपीएसला. वीज गेली असता संगणकादी उपकरणांना आपल्या बॅटरीतून काही मिनिटे वीज पुरवणारे हे यंत्र साऱ्यांच्या परिचयाचे आहे. त्याची रॅकची जात एवढ्यापुरती निराळी, की ती टेबलाखाली पायांत येत नाही, तर १९ इंच रुंदीच्या लोखंडी चौकटीत स्क्रूने आवळली जाते, आणि तिची उंची ‘यू’ नावाच्या पावणेदोन इंचांच्या मापात मोजली जाते. दोन ‘यू’ उंचीचे आणि तीन केव्हीए क्षमतेचे असे यंत्र दिसायला चपट्या पेटीसारखे असले, तरी आतल्या शिशामुळे दोन माणसांनी उचलण्याचे असते. अशा चौकटी आता मोठ्या कारखान्यांपुरत्या राहिलेल्या नसून पतपेढी, दवाखाना, सीसीटीव्हीची खोली, महामार्गालगतचे हॉटेल अशा कुठल्याही ठिकाणी, बहुधा जिन्याखाली आणि बहुधा पाण्याच्या पंपाच्या शेजारी, त्या आढळतात.

अशा ठिकाणी अमेरिकेचे यंत्र येऊन पोहोचण्याच्या वाटा दोन: एक जुन्या मालाचा बाजार आणि दुसरी भाचा. तिकडच्या कार्यालयाने मोडीत काढलेले, पण ‘अजून दहा वर्षे चालेल’ असे वाटणारे यंत्र भाचा पदरचे भाडे भरून घेऊन येतो, आणि त्याच्या पाटीवर २०८ व्होल्ट असे लिहिलेले असते. हा आकडा विचित्र वाटला तरी लहरी नाही. अमेरिकेत घरगुती दाब १२० व्होल्ट असून, व्यापारी इमारतींत येणाऱ्या तीन फेजांपैकी कोणत्याही दोहोंमध्ये मोजले असता १२० ला तीनच्या वर्गमुळाने गुणून येणारे २०८ व्होल्ट मिळतात. त्याच हिशेबाने आपल्याकडे २३० चे ४०० होतात. भाचा ही सगळी उपपत्ती मांडून शेवटी म्हणतो, “मामा, हे दोनशे आठचं आहे, आपल्या दोनशे तीसवर चालेल का ते बघायला लागेल.” त्यावर मामांचे उत्तर या विषयावरील सर्वांत नेमके विधान मानावे लागते: “आधी दोनशे तीस येऊ तर दे.”

मामांच्या विधानाची सत्यता तपासण्यासाठी यंत्राचा स्वभाव पाहावा लागतो. ‘लाइन इंटरॅक्टिव्ह’ नावाने विकले जाणारे यूपीएस बाहेरची वीज एरवी जशीच्या तशी आत सोडते, दाब थोडा चढला किंवा उतरला तर आतील रोहित्राच्या टप्प्यांनी तो छाटते किंवा उचलते, आणि मर्यादा ओलांडली की काही सहस्रांश सेकंदांत बाहेरचा पुरवठा तोडून बॅटरीवर जाते. पेण-अलिबागच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात, राहणाऱ्यास हे वेगळे समजावण्याची गरज नाही, कारण भातशेतीच्या बांधातली उघाडी नेमके हेच करते: भरतीचे खारे पाणी दाटून आले की तिची झडप त्या पाण्याच्याच रेट्याने मिटते आणि ओहोटी लागली की उघडते. अडचण एवढीच, की २०८ वर बांधलेली झडप दुसऱ्या खाडीच्या भरतीचे माप घेऊन आलेली असते. मर्यादा दहा टक्क्यांची धरली तरी ती २२९ च्या आतच संपते, आणि म्हणून ज्या क्षणी डोलवीत अगदी शास्त्रोक्त, नियमात बसणारा, अभिनंदनास पात्र असा २३० व्होल्टचा पुरवठा येतो, त्याच क्षणी हे यंत्र संकट कोसळल्याप्रमाणे किंचाळू लागते. उलट संध्याकाळी सातनंतर गावभरचे दिवे, पंखे, फ्रिज एकाच डीपीवर, म्हणजे गावच्या रोहित्रावर, तुटून पडतात, दाब २१० च्या खाली घसरतो, पंखे ओशाळल्यासारखे फिरू लागतात आणि घरोघरी वीजखात्याचा उद्धार सुरू होतो, तेव्हा हा परदेशी पाहुणा प्रथमच शांत होतो, हिरवा दिवा लावतो आणि मायदेशी पोहोचल्यासारखा नांदू लागतो. मध्यरात्रीनंतर भार उतरून दाब २४० च्या पुढे गेला की त्याचे किंचाळणे पुन्हा सुरू होते. गाव सुखात असले की यंत्र दुःखात, असा हा संसार आहे.

या दुःखाची किंमत बॅटरी मोजते. पाच-दहा मिनिटांत रिकामी होणारी ही बंद जातीची शिसे-आम्लाची बॅटरी पुन्हा भरायला काही तास घेते. त्यामुळे यंत्र दिवसातून अनेकदा विनाकारण बॅटरीवर जात राहिले, तर ज्या दिवशी लाइट खरोखर जाते त्या दिवशी आत देण्यासारखे काही उरलेले नसते. त्यात भर उष्म्याची. अशा बॅटरीचे आयुष्य २५ अंश तापमान धरून सांगितलेले असते आणि त्यावर दर दहा अंशांना ते साधारण निम्मे होते, असा ठोकताळा आहे. जिन्याखालच्या बंद चौकटीतले ऑक्टोबरमधले तापमान बॅटरी बनवणाऱ्याने विचारात घेतले असण्याची शक्यता कमी.

सुदैवाने पुष्कळ आधुनिक यंत्रांच्या पाटीवर बारीक अक्षरांत ‘२००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असेही लिहिलेले असते, आणि पडद्यावरील यादीतून किंवा मागच्या बारीक कळांनी २०८ च्या जागी २३० निवडता येते, म्हणजे झडपेचे माप बदलता येते. संपूर्ण वीज आधी एकदिश करून मग नव्याने प्रत्यावर्ती बनवणाऱ्या ‘ऑनलाइन’ जातीला तर बाहेरच्या चढउतारांचे फारसे सोयरसुतकच नसते. ज्या यंत्राला हे स्वातंत्र्य नाही, त्याच्या बाबतीत मात्र दोन गोष्टींचा विचार थट्टेबाहेर ठेवून करावा लागतो. पहिली रोहित्राच्या लोखंडाची: लोखंडावरचा चुंबकीय ताण दाबाला वारंवारतेने भागून ठरतो, आणि ६० हर्ट्झवरील २०८ च्या जागी ५० हर्ट्झवरील २३० दिले, तर हा ताण जवळजवळ एक-तृतीयांशाने वाढतो; मग रोहित्र आधी गुणगुणते, नंतर तापते आणि शेवटी वासाने आपला निकाल कळवते.

दुसरी गोष्ट अधिक कपटी आहे. अमेरिकेतील २०८ च्या दोन्ही तारा जिवंत असतात, पण जमिनीच्या मानाने प्रत्येकीवर दाब १२० चाच असतो. आपल्याकडे एक तार फेज, तिच्यावर जमिनीच्या मानाने पूर्ण २३०, आणि दुसरी न्यूट्रल. यंत्रातील विजेचा लोंढा शोषणारी बटणासारखी चकती तार आणि अर्थिंग यांच्यामध्ये १२० चा हिशेब धरून बसवलेली असेल, तर तिच्या वाट्याला येथे जवळजवळ दुप्पट दाब येतो आणि ती फुटते. आणि येथे खारेपाट अनपेक्षित कर्तबगारी दाखवतो. अन्यत्र अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि कोळसा घालून माती वाहक करावी लागते; खाडीकाठच्या जमिनीत मीठ निसर्गानेच घातलेले असल्याने अर्थिंग उत्तम लागते, आणि त्याच मिठाने खड्ड्यातली जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी काही वर्षांत खाऊन टाकल्यावर ते तितक्याच उत्तम रीतीने नाहीसे होते. डीपीवरचा न्यूट्रल तुटण्याचा प्रसंग तर वायरमनपासून मामांपर्यंत सर्वांना ठाऊक आहे: अशा वेळी एका घरात २३० च्या जागी ४०० च्या आसपास दाब येऊ शकतो, आणि मग २०८ काय किंवा २३० काय, सर्व यंत्रे समान पातळीवर येतात.

डोलवी गावाच्याच हद्दीत, धरमतर खाडीला लागून, पूर्वी इस्पातचा आणि २०१० च्या व्यवहारानंतर जेएसडब्ल्यूचा झालेला पोलाद कारखाना आहे, ज्यात विजेची ठिणगी पेटवून पोलाद वितळवतात. अशा भट्ट्यांची विजेची मागणी क्षणोक्षणी उसळते म्हणून त्या गावच्या डीपीवर नव्हे, तर अतिउच्च दाबाच्या वेगळ्या वाहिन्यांवर चालतात, आणि दाब सावरण्याची यंत्रणा त्यांना स्वतंत्र लागते. त्यामुळे मिक्सर फिरत नाही म्हणून भट्टीकडे बोट दाखवण्याची जी सवय भट्टीशेजारच्या वस्त्यांना कुठेही लागते, तिला शास्त्राचा आधार कमी; लांबलेली लघुदाबाची तार आणि ओझ्याने वाकलेली डीपी एवढेच कारण बहुधा पुरते. शिवाय बॅटरीने काय पेलावे यालाही सीमा आहे: ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, जिल्ह्यातील कितीतरी गावे अनेक दिवस अंधारात राहिली, आणि दहा मिनिटांची सोय करणारी सर्व यंत्रे, देशी असोत वा परदेशी, अकराव्या मिनिटाला सारखीच गप्प झाली.

म्हणून भाच्याने यंत्र विमानात चढवण्याआधी त्याच्या पाटीचे छायाचित्र मामांना पाठवावे, आणि मामांनी वायरमनकडून संध्याकाळी आठला व पहाटे तीनला दाब मोजून घ्यावा. दुसऱ्या वेळेला वायरमन मिळणे हा भाग कठीण आहे. पाटीवर २०० ते २४० आणि ५० हर्ट्झ असेल, तर यंत्र आणावे, मर्यादा रुंद कराव्यात आणि बॅटरी इथली नवी घालावी. नुसते १२० लिहिले असेल, तर आणू नये. आणलेच असेल, तर २०२२ च्या नियमांप्रमाणे जुनी बॅटरी अधिकृत पुनर्वापराकडे जायची असते आणि विक्रेता ती नव्या बॅटरीच्या किमतीत वळती करून घेतो. तो भाव शिशाच्या वजनावर ठरतो, व्होल्टवर नाही.