गियरचा नॉब चिकटवणाऱ्या मिस्त्रीस

मिस्त्री,

तुमचं नाव मला ठाऊक नाही. वॅगन-आर मी जुनी घेतली, त्यामुळे तुमचं गॅरेज कुठलं तेही माहीत नाही. तुमचं काम मात्र पुरतं ओळखीचं झालंय. गेल्या रविवारी मुंबईत घोडपदेवच्या आमच्या गल्लीत चार तास मी तेच सोडवत बसलो होतो.

गियरच्या दांड्याला आटे असतात, त्यावर नॉब फिरवून बसतो, उलटा फिरवला की सुटतो. तुम्ही दुसऱ्याच गाडीचा नॉब आणलात, आटे जुळेनात, म्हणून आत गोंद ओतलात आणि गिऱ्हाइकाच्या हाती किल्ली ठेवलीत. याला मेकॅनिकी म्हणता? लोखंडावर आटे पाडून पोट भरणारी माणसं इथे शेजारच्या दारूखान्यात आजही आहेत. त्यांच्यासमोर हा नॉब ठेवायला मलाच लाज वाटली.

गोंदाचा राग मी गिळलाही असता. नॉबवरचा नकाशा गिळता येत नाही. माझ्या गाडीत रिव्हर्स उजवीकडे खाली, पाचव्याच्या समोर. तुमच्या नॉबवर तो डावीकडे वर. भाचा नुकताच गाडी शिकतोय. छापलेलं खरं मानून त्याने दांडा डावीकडे वर सारला, मान मागे वळवली आणि क्लच सोडला. पडला होता पहिला गियर. गाडी पुढे गेली. समोर पायरीवर शेजारच्या आजी मेथी निवडत होत्या. हातभर अंतरावर ब्रेक लागला. जुडी हातात धरून त्या कितीतरी वेळ तशाच बसून होत्या. त्या वेळी तुम्ही तिथे असायला हवे होतात.

माझे वडील पद्मिनी टॅक्सी चालवायचे. तिचा गियर स्टिअरिंगच्या दांड्याला. माझ्या हातावर हात ठेवून त्यांनी एकेक गियर दाखवला होता. २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी मुंबईच्या रस्त्यांवरून कायमच्या गेल्या, तेव्हा मला तो हात आठवला. असा हात सोबत नसेल तर शिकाऊ माणूस नॉबवरच्या आकड्यांवरच विसंबणार ना?

मग नॉब काढायला बसलो. उष्णतेने गोंद ढिला पडतो म्हणून गरम पाण्यातल्या फडक्याने शेकून पाहिलं. हलला नाही. पान्याने हिसडा द्यावा तर दांड्याखालची जोडणी निखळायची भीती. शेवटी हॅक्सॉच्या पात्याने नॉब उभा कापला, आटे तारेच्या ब्रशने घासले, दांडा मोजून घेतला. जाडी जुळली तरी आट्यांमधलं अंतर वेगळं असू शकतं. नॉब तसाच रेटून फिरवला की आटे मरतात. हे तुम्हाला माहीत होतं. माहीत असून भलता नॉब बसवलात, राग त्याचाच आहे.

ऑपेरा हाऊसच्या सुट्या भागांच्या बाजारात जाऊन याच गाडीचा नॉब आणला. नुसत्या हाताने बसला, आकडे सरळ समोर आले. संध्याकाळी भाच्याने त्याच गल्लीत गाडी मागे घेतली. आजी तेवढ्यापुरत्या पायरीवरून उठून आत गेल्या.