हत्ती भायखळ्याला राहतो

जुन्या जालन्याच्या माणसाला ‘चला, काहीतरी ऐतिहासिक बघू’ असं म्हणणं धोक्याचं आहे. कुंडलिका नदीच्या पलीकडच्या वस्तीला आम्ही नवा जालना म्हणतो आणि तीही आता चांगली म्हातारी झालीय. आम्ही अलीकडचे, म्हणजे मूळचे. 1725 सालचा मस्तगड आणि आनंदी स्वामींचं मंदिर आमच्या भाजी आणायच्या वाटेवर. अशा माणसाला मुंबईत तिकीट काढून इतिहास दाखवायचा, तर सोबत काका नसावेत. आमच्या सोबत काका होते. आणि त्यांची बहीण, म्हणजे आमची आत्याही.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा घुमट दिसताच काका म्हणाले, “विजापूरचा आहे.” तसं ते खोटं नाही. जॉर्ज विटेटनं गोलघुमट नजरेसमोर ठेवूनच तो उभारला. पायाभरणी 1905 सालची, लोकांना आत सोडलं 1922 साली, मध्ये महायुद्धात तिथं लष्कराचा दवाखाना. एवढ्या मोठ्या वास्तूतली काकांना मनापासून आवडलेली गोष्ट हीच. “सतरा वर्षं! म्हणजे सरकारी काम तेव्हाही सरकारीच होतं.”

शस्त्रांच्या दालनात त्यांनी पहारेकऱ्याला गाठलं. “1679 सालची जालन्याची लूट कुठं ठेवलीय?”

“सामान खाली जमा करायचं, साहेब.”

काकांचा प्रश्न अगदीच हवेतला नव्हता. त्या वर्षी खुद्द महाराजांनी जालना लुटलं होतं. गाव लुटलं गेल्याचा अभिमान बाळगणारी माणसं जगात कमी असतील. आमच्या गल्लीत ती सगळी आहेत. लुटायला मुळात गावात काहीतरी असावं लागतं, हा त्यामागचा हिशेब. परतताना महाराजांना संगमनेरजवळ मोगलांनी गाठलं, बहिर्जी नाइकांनी आडवाटेनं पट्टागडावर नेलं, पण लुटीतला बराच ऐवज वाटेतच गेला. काकांनी हे सगळं पहारेकऱ्याला उभ्यानं ऐकवलं. त्यानं शेवटी स्वतःची खुर्ची त्यांना दिली आणि तो दुसऱ्या दालनात निघून गेला.

दुसऱ्या दिवशी गेटवेवरून लाँचनं घारापुरी. आत्यानं समुद्र पहिल्यांदाच पाहिला. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “एवढं पाणी, अन् एक टँकर नाही!” लगेच शेजारणीला फोन. “नळ आला का गं? नाही? मी इथं पाण्यात बसू राहिले, तू माझा हौद तेवढा भरून घे.” लाँचचं इंजिन धडधडत होतं, पलीकडच्या बाकावरची एक परदेशी बाई भारावून तिचा फोटो काढत होती, आणि आत्या हौदाच्या तोटीचा आटा कुठल्या बाजूला फिरवायचा ते जालन्याला ओरडून सांगत होती.

घारापुरीच्या पायऱ्यांवर माकडांचं राज्य. एकानं आत्याच्या हातातला धपाटा पळवला, कठड्यावर बसून ऐटीत घास घेतला आणि थबकला. धपाट्यात आमच्याकडची हिरवी मिरची होती. त्यानं उरलेला धपाटा उलटसुलट करून पाहिला आणि सभ्यपणे कठड्यावर ठेवून दिला.

लेणी मात्र अशी की काकाही गप्प झाले. अंधारातून 18 फुटांचा तीन मुखांचा सदाशिव हळूहळू पुढे येतो, तेव्हा माहिती सांगायची कुणाची छाती होत नाही. आत्यानं हात जोडले, पायातल्या चपला बाजूला केल्या. मिनिटभरानं काकांना कंठ फुटला. “हे वेरूळला आहे. 29 नंबरचं लेणं, डिट्टो.” दुर्दैवानं हेही खरं. अभ्यासकही ही दोन लेणी शेजारी ठेवूनच बोलतात. घरापासून नव्वदेक किलोमीटरवर असलेलं पाहायला आम्ही चारशेहून अधिक किलोमीटर आलो होतो.

“ते राहू द्या,” आत्या म्हणाली, “हत्ती कुठंय?”

पोर्तुगीजांनी या बेटाला ज्या दगडी हत्तीवरून एलिफंटा नाव दिलं, तो हत्ती बेटावर नाहीच. 1864 साली इंग्रज तो विलायतेला न्यायला निघाले, उचलताना तो पडला आणि त्याचे तुकडे झाले. पुढे ते जोडले आणि आता हत्ती भायखळ्याला, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. लाँचचं तिकीट काढून हत्ती दिसत नाही, लोकलच्या तिकिटात दिसतो, हे कळल्यावर आत्यानं आमच्याकडे त्या माकडासारखं पाहिलं.

भायखळ्याला हत्ती दिसला. सांधे लपलेले नाहीत, पण उभा आहे भक्कम. आत्यानं त्याला प्रदक्षिणा घातली. काका मात्र मागच्या बाजूला पोचले होते, जिथं शहरातल्या चौकांतून हलवलेले इंग्रजांचे पुतळे मुक्कामाला आहेत. तिथं त्यांना रिचर्ड वेलस्ली सापडला. गव्हर्नर जनरल, आणि 23 सप्टेंबर 1803 ला आमच्या जिल्ह्यात असईला शिंदे-भोसल्यांशी लढलेल्या आर्थरचा थोरला भाऊ.

“तुझा धाकटा आमच्याकडं येऊन गेला!” काकांनी पुतळ्याला दम भरला. आजूबाजूला सहलीची पोरं जमली. काकांना आयताच वर्ग मिळाला. केळणा आणि जुई या नद्यांमधलं रान, शिंद्यांच्या तोफा, पुढे वॉटर्लू जिंकणाऱ्या माणसानंही असईलाच आपली रणांगणावरची सगळ्यात सरस कामगिरी मानलं, वगैरे. आवाज चढत गेला. पोरं तोंडं उघडी टाकून ऐकत होती. त्यांचे सर मागे उभे राहून वहीत टिपून घेत होते. त्यांनी अदबीनं विचारलं, “असई म्हणजे वसईच्या अलीकडं की पलीकडं?”