कंट्रोलवाला जिभाऊ

धुळ्यात देवपूरला चार गल्ल्या फिरलात, तर हा प्राणी हमखास भेटतो. नोकरी पुण्याची; लॉकडाउनमध्ये घरी आला तो परत गेलाच नाही. गल्ली त्याला जिभाऊ म्हणते. काम काय करतो, ते कुणालाच धड ठाऊक नाही. आई सांगते, "मुंबईमा मशिनी उभ्या करस." ऐकणाऱ्याला वाटतं, पोरगा क्रेनवर आहे.

मशिनी खऱ्याच उभ्या होतात. अ‍ॅमेझॉनची क्लाउड केंद्रं २०१६ साली मुंबईत आली. जिभाऊ इथून हुकूम सोडतो आणि तिकडे वीस सर्व्हर जन्माला येतात, त्यांच्यात सॉफ्टवेअर चढतं, फायरवॉल बसते. माणसाने कशाला हात म्हणून लावायचा नाही, हा त्याचा धर्म. फक्त हुकूम सोडणारं मशीन, म्हणजे कंट्रोल सर्व्हर, आधी तयार असावं लागतं, आणि ते तयार होतं हातानेच. जिभाऊची निम्मी हयात त्यातच चाललीय.

सर्व्हरवर सॉफ्टवेअर चढवणारं अ‍ॅन्सिबल थेट विंडोजवरून चालवता येत नाही, म्हणून जुन्या पीसीवर उबुंटू. मग पायथॉन. मग त्या पायथॉनला सोवळ्यात ठेवायला वेगळं एन्व्हायर्नमेंट. मग घड्याळ, कारण पीसीची वेळ जास्त चुकली तर क्लाउड हुकूम मानत नाही. मग एसएसएचची खाजगी किल्ली. ती दुसऱ्या कुणाला वाचता येईल अशी पडली असेल, तर एसएसएच तिला हातही लावत नाही. जिभाऊ परवानगी सहाशेवर आणतो, पुन्हा तपासतो, निर्धास्त होतो. हाच गृहस्थ गाडीची किल्ली गाडीलाच लटकवून आग्रा रोडवर चहा पीत उभा असतो.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये हॅशिकॉर्प कंपनीने सर्व्हर उभे करणाऱ्या टेराफॉर्मचा मुक्त परवाना बदलला, तेव्हा या घरात सुतक पाळलं गेलं. वरण-बट्टीचं ताट तसंच परत गेलं. पुढे त्याचा मुक्त अवतार ओपनटोफू निघालं तेव्हा कुठे पठ्ठ्या जेवला.

आईला एकदा त्याने शास्त्र समजावलं. "माय, हुकूम शंभरदा सोडला तरी निकाल एकच. काम झालेलं असेल तर मशीन परत करतच नाही."

नळाला पाणी आलं होतं, मोटर लावायची होती. माय म्हणाली, "मी शंभर डाव सांगस, तू उठस नही. हाईच ना तुनं शास्त्र?"

खरी मजा शेवटच्या पायरीला. टेराफॉर्म आधी आराखडा दाखवतं: इतकं नवं बांधणार, इतकं बदलणार, इतकं पाडणार. मग विचारतं, करू का? उत्तरादाखल पूर्ण 'येस' लिहावं लागतं. नुसत्या 'वाय'वर भागत नाही. तिथे जिभाऊचा हात थबकतो. 'पाडणार'पुढे शून्य आहे ना, ते तो पुनःपुन्हा बघतो. मुलगी बघायला गेला तेव्हाही असाच बसला होता म्हणतात. तिकडच्या मंडळींनी कंटाळून दुसऱ्याला होकार कळवला.

मे महिन्यात एका दुपारी त्याने अखेर 'येस' लिहिलं. लाईट गेली. इन्व्हर्टर होता, पण आबांनी त्यावर गुपचूप कूलर जोडलेला. बॅटरी बसली, पीसी विझला. मुंबईत निम्मे सर्व्हर उभे, निम्मे नाहीत. त्यात काम चालू असताना दुसऱ्या कुणी लुडबुड करू नये म्हणून टेराफॉर्म क्लाउडमधल्या नोंदवहीला कुलूप घालतं. ते तसंच राहिलं. लाईट आल्यावर जिभाऊ स्वतःच्याच कुलपाबाहेर उभा. आबा मात्र गार हवेत छान झोपले होते.

पुण्याच्या मित्राने फोनवर तोडगा काढला: कंट्रोल सर्व्हरच मुंबईला क्लाउडमध्ये ठेव, धुळ्याच्या लाईटचा संबंधच नको. जिभाऊ हरखला. पण तो सर्व्हर हाताने उभा करणं त्याच्या धर्मात बसत नाही. म्हणून तो आपोआप उभा करणारा कोड त्याने लिहायला घेतलाय. कोड चालवायला एखादं मशीन लागणारच. तेव्हा माळ्यावरचा कॉलेजातला लॅपटॉप खाली काढलाय आणि सध्या त्यावर उबुंटू चढवणं चालू आहे.