दोरीवरचं चिलखत

"काय गं, दोरीवर हे काय वाळत घातलंयस? चिलखत दिसतंय!"

"चिलखतच म्हणा, काकू. खांद्यांचे पॅड आहेत. आमचे चिरंजीव युनिव्हर्सिटीकडून अमेरिकन फुटबॉल खेळायला लागलेत."

"अगंबाई! इथे बर्मिंगहॅममध्ये? इंग्रजांना स्वतःचा फुटबॉल पुरेना वाटतं?"

"हे खूळ चॅनल फोरचं. 1982 साली चॅनल सुरू झालं आणि लगेच अमेरिकेतले सामने दाखवायला लागलं. 1986 ला तर शिकागो बेअर्स आणि डॅलस काउबॉईज वेम्बलीवर येऊन खेळून गेले. ऐंशी हजारांवर माणूस लोटला होता."

"तो ढोल्या, फ्रिज म्हणायचे ज्याला, तो त्यातलाच ना? आमच्या ह्यांना भारी कौतुक होतं त्याचं."

"तोच, विल्यम पेरी. मग पोरांना कुठला दम निघतोय! त्याच दशकात युनिव्हर्सिट्यांतून टीमा निघाल्या, लीग उभी राहिली. वर्गणी गोळा करण्यापासून बस ठरवण्यापर्यंत सगळं पोरंच बघायची."

"आणि अजिंक्यपद?"

"ते दरवर्षी, पण पाटी बदलत गेली. बरीच वर्षं बीसीएएफएल, मग बीयूएएफएल, आणि 2012 पासून बीयूसीएस."

"नावं बदलून काय होतंय?"

"या वेळी झालं ना! बीयूसीएस म्हणजे विद्यापीठांच्या सगळ्याच खेळांची संस्था. इथे जिंकलं की युनिव्हर्सिटीच्या खात्यात गुण जमा. गुण म्हटल्यावर वरची मंडळीही चौकशी करायला लागली."

"गुणांशिवाय कोणी कोणाला विचारत नाही बघ! बरं, आपलं बर्मिंगहॅम कितपत?"

"आपल्या लायन्स टीमनं कितीदा तरी अजिंक्यपद आणलंय. डरहॅमही तगडं. तिकडे मास्टर्स करायला आलेली अमेरिकन पोरं खेळतात."

"लहानपणापासून तेच खेळलेली? मग बाकीच्यांनी काय करायचं? मला नाही पटत."

"मला पटतं हो. त्यांच्यासोबत खेळूनच आपली पोरं शिकतात. यातल्या बहुतेकांनी तो लांबुडका चेंडू युनिव्हर्सिटीत आल्यावरच पहिल्यांदा हातात धरलेला असतो. आमच्याने तरी तसंच केलं."

"हाडंबिडं मोडतील गं."

"म्हणून तर चिलखत! रविवारी सामना आहे, या ना. बाकीचे बहुतेक खेळ बुधवारी, हा मात्र रविवारी. आणि स्वेटर दोन घाला, हा खेळ ऐन हिवाळ्यात चालतो."