टिकाऊपणाचे अंकगणित

एखाद्या राष्ट्राची शेती कितपत टिकाऊ आहे, हे ठरविण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी २.४.१ क्रमांकाचा जो निर्देशक सिद्ध केला, त्यात ११ कसोट्यांस उतरलेल्या क्षेत्रास एकूण शेतजमिनीने भागावयाचे असते. आणि भाजक लहान केला की भागाकार फुगतो, हे रहस्य अंधेरी, बोरिवली व कुर्ला या उपनगरी तालुक्यांनी कोणाही तज्ज्ञाच्या शिफारशीवाचून, जमिनीमागून जमीन बिनशेती करीत, केव्हाच आत्मसात केले. जेथे शेतच उरले नाही, तेथे खतांचा अतिरेक नाही, पिकांसाठी भूजलाचा उपसा नाही, आणि सिमेंटखालच्या मातीची धूप तर नाहीच नाही. या निष्कलंक दप्तरास गालबोट एकच : रेल्वेच्या रुळांकाठी नाल्याच्या पाण्यावर डोलणारा पालक, परंतु सांडपाण्याच्या पुनर्वापराच्या सदरी त्याचीही सन्मानपूर्वक नोंद करता येईल.