२४ होते, ६१ झाले

२४ मेगापिक्सेलचा कॅमेरा धडधाकट आहे. तरी दिवाळीच्या ऑफरमध्ये ६१चा घ्यायचं घाटतंय. का, म्हणून विचारलं तर एकच उत्तर: डिटेल!

आधी गणित करू. २४ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ६००० बाय ४००० पिक्सेल. सोनीच्या ए७आर ५चा फोटो ९५०४ बाय ६३३६. मेगापिक्सेल अडीचपट झाले, फोटोची रुंदी मात्र दीडपटीच्या जरा पुढे. जाहिरातीत यातला कुठला आकडा ठळक छापतात?

आणि एवढा फोटो बघणार कशावर? घरातला फोर-के टीव्ही ८.३ मेगापिक्सेलचा. व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या दर्जात पाठवला की दोनेक मेगापिक्सेल उरतात. बाकीचे वाटेतच गळाले.

"मला मोठी प्रिंट काढायचीय" म्हणणाऱ्याचं मात्र ऐकायला हवं. २० बाय ३० इंचांची प्रिंट, इंचाला ३०० पिक्सेल, म्हणजे ५४ मेगापिक्सेल. इथे ६१ कामाला येतात. पण भिंतीवरची एवढी प्रिंट नाक लावून कोण बघतं? दोन पावलं मागे सरकलं की इंचाला २०० पुरतात. करा गुणाकार.

बरोब्बर २४.

शिवाय, शेवटची प्रिंट कधी काढली होती?

पक्ष्यांच्या मागे फिरणाऱ्यांचा मुद्दा जास्त भक्कम आहे. भिगवणला फ्लेमिंगो लांब, लेन्स तोकडी. क्रॉप करावाच लागतो. जास्तीचे पिक्सेल तिथे खरोखर उपयोगी पडतात. पण होडी डुलते, पक्षी हलतो, हातही हलतो. बारीक पिक्सेल ती प्रत्येक हालचालही टिपतात. शटर स्पीड वाढवायचा आळस केला, तर पिसांच्या जागी धूसर पट्टे मिळतात, तेही ६१ मेगापिक्सेलमध्ये.

त्यात ऊन चढलं की उजनीच्या पाण्यावरची हवा थरथरू लागते आणि लांबचा पक्षी विरघळून जातो. त्यावर कुठल्याच सेन्सरकडे इलाज नाही. इलाज नावाड्याकडे आहे: तांबडं फुटताच होडी काढायची आणि पक्षी बिचकणार नाहीत इतपतच जवळ जायचं.

डोंगररांगा टिपणाऱ्यांचंही तेच. सगळं फोकसमध्ये हवं म्हणून एफ/१६ लावायचं, आणि त्या बारीक छिद्रातून येताना प्रकाश पसरतो, तपशील मऊ पडतो. डिटेलसाठी मोजलेले पैसे तिथेच बुडाले.

खर्च बॉडीवर थांबतो का? न दाबलेली एक रॉ फाइल १२० एमबीच्या आसपास. मग मोठं कार्ड, मग हार्ड डिस्क, मग धापा टाकणारा लॅपटॉप. एवढं करून पुढे तीच जुनी किट लेन्स, जिच्या कडा २४लाही धड उतरत नव्हत्या.

जुने नकाशे, पोथ्यांची पानं, पैठणीचा पोत टिपणाऱ्यांनी ६१चा जरूर घ्यावा. त्यांचा कॅमेरा ट्रायपॉडवर असतो, प्रकाश ताब्यात असतो, आणि धाग्याधाग्याची किंमत गिऱ्हाइकाने मोजलेली असते.

हौशी माणसाने त्याच पैशांत आधी चांगली लेन्स घ्यावी, दणकट ट्रायपॉड घ्यावा. उरलेल्यात या हिवाळ्यात भिगवणला मुक्काम करावा, आणि परत आल्यावर एक तरी फोटो २० बाय ३०वर छापून घ्यावा. जुन्याच कॅमेऱ्याचा.