पंच नंबर एक

फौजदारी कायद्याच्या लेखी हे गृहस्थ प्रतिष्ठित आहेत. घरच्यांचं मत निराळं आहे, पण झडतीच्या वेळी घरच्यांचं मत विचारायची तरतूद नाही. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होतं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे, की झडतीला त्या वस्तीतले दोन किंवा अधिक स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी हजर पाहिजेत. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, पांढरकवड्याहून पाटणबोरीवरून नागपूर-हैदराबाद महामार्ग पैनगंगेकडे उतरतो त्या पट्ट्यात, असा रहिवासी दर चौकात एक तरी सापडतोच. टपरीवर बसलेला असतो आणि खिशाला पेन असतं.

त्याला कोणी नावाने हाक मारत नाही. सगळे 'पंच'च म्हणतात. पोलिसांची गाडी थांबली की बाकीची मंडळी अचानक लघवीला जातात; पंच शर्टाची वरची गुंडी लावतात. ट्रक उलटो, विहिरीत कोणी सापडो, दारूचे खोके पकडले जावोत, पंचनाम्याच्या तळाशी 'पंच नंबर एक' म्हणून यांची वळणदार सही असते. पंच नंबर दोन बदलत राहतो. मजकूर वाचायचा त्यांचा रिवाज नाही. "सायेब काय खोटं लिहीन?" एवढ्या विश्वासावर त्यांनी अनेकांच्या घरातलं सामान मोजून घेतलं आहे.

आता हे आदिलाबादचं प्रकरण. पाटणबोरीच्या माणसाला यवतमाळपेक्षा आदिलाबाद जवळ. नात्यागोत्यातही पैनगंगा आडवी येत नाही. आजोबांच्या वेळी अलीकडे मध्य प्रांत-वऱ्हाड होता आणि पलीकडे निजामाचं हैदराबाद. १९५६ ला पलीकडे आंध्र प्रदेश आला, २ जून २०१४ ला तेलंगणा आलं. किनवट तर १९५६ साली आदिलाबाद जिल्ह्यातून उचलून नांदेडात ठेवलं गेलं. लोक होते तिथेच राहिले, सरकारं तेवढी बदलत गेली. तर पंच कापूस घेऊन आदिलाबादच्या मार्केटात गेले होते. शेजारच्या एका दुकानावर बोगस बियाण्याची धाड पडली आणि आजूबाजूचे यच्चयावत प्रतिष्ठित नागरिक गल्लीबोळांत विरघळले. कायद्यात त्याचाही विचार केलेला आहे: वस्तीतला कोणी मिळत नसेल किंवा तयार नसेल, तर दुसऱ्या वस्तीतला चालतो. पंचांना हे कलम माहीत नव्हतं, पण रक्तात होतं. ते पुढे झाले. पंचनामा तेलुगूत. पंचांचं तेलुगू भाव विचारायच्या 'एंता?'शी सुरू होऊन तिथेच संपतं. तरी 'वाचून पाहिला, बरोबर आहे' या अर्थाच्या ओळीखाली त्यांनी मराठीत झोकात सही ठोकली.

दोन खरीप उलटले आणि समन्स आलं.

दुसऱ्या राज्यातलं समन्स थेट दारात येत नाही, हे इथे सांगायला हवं. तिकडचं कोर्ट त्याच्या दोन प्रती आपल्याकडच्या मॅजिस्ट्रेटकडे पाठवतं, तिथून ते ठाण्यात जातं, ठाण्यातून बीटच्या जमादाराकडे. साक्षीदार बैलगाडीने गेला तरी आधी पोचेल. जमादार आले तेव्हा पंच अर्थातच दुसऱ्या एका पंचनाम्यात गुंतलेले. पूर्वी असं समन्स घरातल्या प्रौढ पुरुषाच्याच हाती देता येई; नव्या संहितेने 'पुरुष' काढून टाकला आणि बाईलाही घ्यायचा अधिकार दिला. या सुधारणेचा तालुक्यातला पहिला उपयोग बहुधा आमच्या वहिनींनीच केला असावा. मागच्या बाजूला सही करून त्यांनी कागद ठेवून घेतला आणि संध्याकाळी ताटासोबत वाढला. "घ्या जी, तुमच्या तेलंगणातल्या सासरचं बोलावनं आलं."

गावात सल्ल्याला तोटा नाही. एक म्हणाला, घ्यायचंच नव्हतं, दार लावून बसायचं. (मग ते दारावर चिकटवून जातात.) टपरीवरच्या अर्ध्या वकिलाने १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता काढली. तिच्या सोळाव्या आदेशात खरोखरच लिहिलं आहे, की साक्षीदार कोर्टापासून शंभर किलोमीटरच्या आत राहत असेल, किंवा वाटेचा पाच-षष्ठांश भाग रेल्वे, आगबोट अगर ठरलेल्या सार्वजनिक वाहनाने कापता येत असेल तर पाचशेच्या आत, तरच त्याला जातीने बोलावता येतं. "पैनगंगेत आगबोट हाय काय? नाही ना? मंग तुमी सुटले!" आदिलाबाद शंभराच्या चांगलंच आत आहे आणि खटला फौजदारी आहे, या दोन किरकोळ गोष्टी त्याच्या लक्षात आल्या नव्हत्या.

पण पंचांना सुटायचंच नव्हतं. झडतीच्या साक्षीदाराला कोर्टाने खास बोलावल्याशिवाय हजर राहावं लागत नाही, हे कळल्यापासून तो 'खास' त्यांच्या चालण्यात उतरला होता. समन्सला प्लास्टिक चढलं. ते लग्नपत्रिकेसारखं घरोघर दाखवून झालं. त्याच आठवड्यात गल्लीतल्या एका मास्तरांना व्हिडिओ कॉलवर वर्दीतल्या माणसाने 'डिजिटल अटक' केली आणि दंड भरायला सांगितलं. मास्तर बँकेत निघालेले, पंचांनी वाटेतच धरले. "मास्तर, समन्स आता मोबाइलवरबी येऊ शकते, पन त्याले कोर्टाचा शिक्का असते. अन् समन्स पैसे मांगत नाही. पैसे मांगते तो चोर. १९३० लावा." पंचांच्या आयुष्यातलं हे एकमेव काम, ज्यात त्यांनी सही करण्याआधी मजकूर वाचला होता.

तारखेच्या दिवशी केळापूरच्या जगदंबेला नारळ फोडून स्वारी निघाली. जमल्यास पुढे बासरच्या सरस्वतीचं दर्शनही घ्यायचं होतं. आरोपी गैरहजर, पुढची तारीख. पंच आनंदाने परत आले. पुढच्या तारखेला उलटतपासणी झाली. दुभाष्यामार्फत वकिलाने विचारलं, तेलुगू वाचता येतं? "नाही." मग काय लिहिलंय ते कसं कळलं? "सायबानं सांगितलं." पोती किती होती? "भरपूर." सरकारी वकिलांनी डोक्याला हात लावला. पंचांना तो नमस्कार वाटला. फितूर साक्षीदार पैसे खाऊन उलटतो. हे बिचारे भत्त्याचा अर्ज करून, एसटीचं तिकीट जोडून, संपूर्ण प्रामाणिकपणे सरकारची केस पाडून आले.

हल्ली मात्र ते चिंतेत असतात. नव्या संहितेप्रमाणे झडतीचं चित्रीकरण करावं लागतं, शक्यतो मोबाइलवर. साक्षही ठरवून दिलेल्या ठिकाणाहून पडद्यावर देता येते, म्हणजे आदिलाबाद गेलं, बासरही गेलं. परवा महामार्गावर एक टेम्पो पकडला. तरुण फौजदार मोबाइल काढून उभा राहिला. पंच गर्दीतून वाट काढत गेले, गुंडी लावली, थोडा वेळ पाहत राहिले आणि अदबीने म्हणाले, "सायेब, तुमी मुद्देमाल मोजा. मोबाइल मी धरतो."